मुलाला स्काऊटमध्ये घालावं का? (शाळेतलं नव्हे, रविवारचं पथक)

आंबटगोड | ९ नोव्हेंबर

आम्ही नाशिकचे. धाकटा सहावीत, अकरा पूर्ण. मागच्या रविवारी सोसायटीतल्या एका मुलाबरोबर सकाळी सातला गेला आणि दहाला हातात सुतळीचा तुकडा घेऊन परत आला. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक खुर्चीच्या पायाला गाठ मारून झाली आहे. चौकशी केल्यावर कळलं की स्काऊट. शाळेचं नाही, ओपन ग्रुप म्हणतात तसं. एक निवृत्त शिक्षक आणि दोन कॉलेजची मुलं मैदानावर पथक चालवतात. वर्षाची फी इतकी कमी आहे की मला उलट संशयच आला.

अडचण अशी की मुलगा अबोल आहे. उत्तर येत असलं तरी वर्गात हात वर करत नाही. रात्री बाथरूमचा दिवा लावून ठेवावा लागतो. आणि जानेवारीत तीन रात्रींचं तंबूतलं शिबिर आहे. नवरा म्हणतो, मोठा झाला की एनसीसीला जाईल, आत्ता कशाला? सासूबाई म्हणतात, थंडीने काकडेल. (जानेवारीत निफाडकडचा पारा कुठे जातो ते इथल्यांना सांगायला नको.) बाजारात पाच दिवसांत नेतृत्वगुण वाढवून देणारी शिबिरं खूप आहेत, त्यांच्या फीवर विश्वास बसतो पण जाहिरातीवर नाही. कुणाला अनुभव आहे का? चांगलं पथक ओळखायचं कसं?

चहाटळ | ९ नोव्हेंबर

माझा अनुभव आहे, शाळेतला. गळ्यात स्कार्फ, खिशात शिट्टी, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला संचलन. 'खरी कमाई' म्हणून वर्षातून एकदा भेळ विकायची. भेळ आईने केलेली, चिंच-गुळाचं पाणी आईचं, कांदे बाबांनी चिरलेले, विकत घेणारे बाकीच्यांचे आईबाबा. कमाई कुणाची ते तुम्हीच ठरवा. शिबिर एकदाच झालं, शाळेच्याच वर्गात, बाकं बाजूला सरकवून. नेतृत्व वगैरे काही आमच्या अंगाला चिकटलं नाही. ह. घ्या.

कोयनाकाठ | १० नोव्हेंबर

चहाटळ, हलक्याने घेण्यासारखं नाही ते, खरंच आहे. सत्तावीस वर्षं स्काऊट मास्तर होतो, त्यातली पहिली चार मीही असंच पथक चालवलं. गणवेशाची तपासणी, झेंडावंदन, संचलन, टाळ्या. मुलं शिस्तीत दिसायची आणि मुख्याध्यापक खूश असायचे.

आंबटगोड ताई, खुर्चीला मारली ती गाठ बहुधा 'क्लोव्ह हिच' नावाची असणार. बांबू बांधायची सुरुवात तिथून होते. पण गाठी, शिट्टी, खुणा हे सगळं वरचं. आतलं यंत्र म्हणजे संघ. सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्यांच्यातलाच एक संघनायक. असे तीन-चार संघ मिळून पथक. संघात प्रत्येकाकडे काम असतं: कुणी भांडार सांभाळतो, कुणी प्रथमोपचाराची पेटी, कुणी हिशेब, कुणी चूल. संघनायकांची बैठक बसते, तिला कोर्ट ऑफ ऑनर म्हणतात, आणि शिबिराला कुठे जायचं, काय शिजवायचं, कोण चुकलं हे तिथे ठरतं. मास्तर त्या बैठकीत असतो, पण कोपऱ्यात. स्काऊट चळवळीचा जनक बेडन-पॉवेल याने १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीस मुलं नेऊन पहिला प्रयोग केला, तोसुद्धा या मुलांचे चार संघ पाडूनच. त्यात श्रीमंतांच्या शाळेतली होती आणि कामकरी घरातलीही.

आता एक सांगतो. नोव्हेंबरातलं शिबिर, कोयनेच्या बाजूला. एका संघनायकाने तंबूसाठी खोलगट जागा निवडली, कारण माती मऊ होती आणि खुंट्या पटापट जात होत्या. मला दिसत होतं. बोललो नाही. रात्री एक वाजता अवकाळी पाऊस आला आणि आठही पोरं पथाऱ्यांसकट भिजली. अंधारात तंबू उपटून वरच्या बाजूला नेला, त्यात तासभर गेला. सकाळी तो संघनायक माझ्याकडे आला. "सर, तुम्हाला माहीत होतं?" मी हो म्हणालो. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही पठ्ठ्या. तिसऱ्या दिवशी जागा बदलायची होती तेव्हा त्याने खुंटी हातात घेण्याआधी अख्ख्या माळावर चक्कर मारली, पाण्याचे जुने ओहोळ कुठून गेलेत ते पाहिलं आणि दुसऱ्या संघाच्या नायकालाही बोलावून दाखवलं.

मी बरोबर केलं की नाही यावर अजूनही आमच्या घरी वाद होतो. एवढं मात्र नक्की, तिथे ओढा जवळ असता तर पहिल्याच मिनिटाला तंबू उचलायला लावला असता. कोणती चूक होऊ द्यायची आणि कोणती नाही, हे ज्याला कळतं त्याच्याकडे मूल पाठवावं. तुमच्या पथकाच्या गुरुजींना हेच विचारा: "मुलं चुकली तर तुम्ही काय करता?" "आमच्याकडे मुलं चुकतच नाहीत" असं उत्तर आलं तर चहाटळांची भेळ समोर ठेवा.

पळसपान | १० नोव्हेंबर

कोयनाकाठ सर, वाचनखूण साठवली.

मी वर्ध्याची, ऐंशीच्या दशकातली गाइड. सगळे स्काऊट-स्काऊट करतात म्हणून नोंदवून ठेवते की मुलींची बाजूही तितकीच जुनी आहे. भारतातली पहिली गाइड कंपनी १९११ साली जबलपूरला निघाली. आणि जागतिक गर्ल गाइड संघटनेची जगभरात जी मोजकी केंद्रं आहेत त्यातलं एक 'संगम', पुण्यात आळंदी रस्त्यावर आहे, १९६६ पासून. पुण्यातल्या कित्येकांना त्या फाटकामागे काय आहे ते ठाऊक नसतं.

अंधाराबद्दल. मी कोंबडीच्या काळजाची होते. पचमढीला राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे, तिथल्या शिबिरात रात्रपाळीचा पहारा होता. दोघीदोघींनी दोन तास. माझी जोडीदारीण माझ्याहून भित्री निघाली, त्यामुळे मला धीट व्हावं लागलं, दुसरा इलाज नव्हता. तिला गुंतवायला म्हणून मी सप्तर्षीवरून ध्रुव कसा शोधायचा ते दाखवत बसले. चौकोनाच्या टोकाच्या दोन ताऱ्यांमधलं अंतर पाच वेळा पुढे मोजायचं. भीती गेली असं नाही, पण हाताला काम होतं.

आणि बिनभांड्याचा स्वयंपाक! आमच्याकडे रोडगे ठरलेले. कणकेचे गोळे गवऱ्यांच्या आरात, वांगी आणि कांदे निखाऱ्यात, पळसाच्या पानांच्या पत्रावळी. मास्तरीणबाई शहरातल्या होत्या, त्यांना आम्ही शिकवलं. बाईंनी आमच्याकडून शिकून घेतलं हे मला आजही आठवतं, रोडग्यांच्या चवीपेक्षा जास्त.

भुसावळी | १० नोव्हेंबर

निखाऱ्यातली वांगी म्हणालात आणि राहवलं नाही. बिनभांड्याच्या स्वयंपाकात खान्देशचा हात कुणी धरू नये. बामणोदची वांगी, खाली कपाशीच्या काड्या, वर हिरव्या मिरच्या. विषय संपला.

माझे वडील रेल्वेत गार्ड, आम्ही कॉलनीतली पोरं. पुष्कळांना माहीत नसतं की रेल्वेचं स्काऊट-गाइड वेगळं चालतं. मध्य रेल्वे म्हणजे संघटनेच्या हिशेबात एक स्वतंत्र 'राज्य', आणि भुसावळ विभाग त्यातला एक 'जिल्हा'. आमचा मुख्य उद्योग उन्हाळ्यात. मे महिना, भुसावळचं ऊन आणि फलाटावर जनरल डब्यांना पाणी. गाडी दहा मिनिटं थांबणार, आम्ही आठ जण. कुणी कोणता डबा घ्यायचा, बादली कुठे भरून ठेवायची, इंजिनाकडच्या डब्याला आधी की शेवटच्या, हे गाडी यायच्या आत ठरलेलं पाहिजे. पहिल्या दिवशी आमचा नायक स्वतःच बादली घेऊन धावत सुटला आणि बाकीचे सात जण एकाच खिडकीशी. गाडी सुटताना मागच्या डब्यातले लोक रिकाम्या बाटल्या हलवत होते. ते चित्र डोक्यातून गेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून नायकाने बादलीला हात लावला नाही. मधोमध उभा राहून फक्त बोटं दाखवायचा. त्याला आम्ही 'साहेब' म्हणून चिडवलं, पण पाणी शेवटच्या डब्यापर्यंत पोचायला लागलं.

रेल्वे भरतीत स्काऊट-गाइड कोटा असतो, तेवढ्यासाठी नाव घालणारेही होते. असू देत, पाणी त्यांनीही वाटलं.

जर्सीकर | ११ नोव्हेंबर

न्यू जर्सीहून. इथे आमच्या मराठी मंडळातली निम्मी मुलं कब (म्हणजे धाकट्यांचं स्काऊट) किंवा स्काऊट. संस्थेचं जुनं नाव बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिका, फेब्रुवारी २०२५ पासून स्काऊटिंग अमेरिका, कारण काही वर्षांपूर्वी मुलींनाही दार उघडलं. थोरल्याने ईगल, म्हणजे इथली सर्वांत वरची पायरी, पूर्ण केली. त्यासाठी २१ बॅज लागतात, वर एक सेवाप्रकल्प मुलाने स्वतः आखून, माणसं जमवून पूर्ण करायचा असतो. लोकांकडून काम करून घेणं किती अवघड असतं हे त्याला त्यात कळलं, आणि आमच्याशी जरा नीट बोलायला लागला.

पण मी वेगळ्याच गोष्टीसाठी लिहितोय. कोयनाकाठ सरांचं 'मास्तर कोपऱ्यात' पटलं, तरी आईबापांनी मास्तरवर डोळे झाकून विसंबू नये. इथल्या संस्थेने २०२० साली दिवाळखोरीचा अर्ज केला. त्यानंतर लहानपणी अत्याचार झाल्याचे ८०,००० हून जास्त दावे दाखल झाले. आता कडक नियम आहे: कुठल्याही कार्यक्रमाला किमान दोन मोठी माणसं, आणि एकटं मूल आणि एकटा मोठा माणूस अशी वेळच येऊ द्यायची नाही. तंबूत मोठ्यांनी मुलांबरोबर झोपायचं नाही. आंबटगोड, हे सरळ विचारा. लाजू नका. चांगला माणूस असेल तर त्याला राग येणार नाही.

कोयनाकाठ | ११ नोव्हेंबर

जर्सीकर, शंभर टक्के. मी ते लिहायला हवं होतं, राहिलं. मुलींच्या शिबिरात गाइड कॅप्टन बाईच हवी, हेही जोडतो. आणि मास्तरचं प्रशिक्षण झालंय का ते विचारा. बेसिक, अॅडव्हान्स आणि मग हिमालय वुड बॅज अशा पायऱ्या असतात. गळ्यात चामड्याच्या दोरीत दोन लाकडी मणी दिसले तर समजा शेवटची पायरी झालीय. अर्थात मणी घातलेले बिनकामाचेही पाहिलेत.

चहाटळ | ११ नोव्हेंबर

एक खोडसाळ प्रश्न. साहेबाच्या लष्करातल्या अधिकाऱ्याने काढलेली चळवळ आपण अजून का मिरवतो? ती खाकी, ते सॅल्यूट.

कोयनाकाठ | १२ नोव्हेंबर

खोडसाळ नाही, रास्त आहे. १९०९ साली बंगळूरला पहिलं पथक निघालं ते गोऱ्यांच्या मुलांसाठी. भारतीय मुलांना दार बंद होतं, सरकारला यांच्या हातात शिस्त आणि संघटन द्यायची धास्ती होती. म्हणून आपल्या लोकांनी स्वतःचं काढलं. मद्रासकडे अॅनी बेझंट यांनी, उत्तरेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीतर्फे. बेडन-पॉवेल १९२१ मध्ये इथे येऊन गेला, मग काही गट एकत्र झाले, काही वेगळेच राहिले. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० ला सगळ्यांचं मिळून भारत स्काऊट्स आणि गाइड्स झालं, पुढच्या वर्षी गाइड्सही त्यात आल्या. म्हणजे साहेबाकडून मिळालेलं कमी, झगडून घेतलेलं जास्त. खाकीही आता नाही, सदरा राखाडी असतो.

आंबटगोड | १२ नोव्हेंबर

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. काल गुरुजींना भेटले. चुका आणि दोन मोठ्यांचा नियम, दोन्ही विचारलं. पहिल्यावर ते हसले आणि म्हणाले, "चुकू देतो, पण विस्तवाजवळ आणि पाण्याजवळ नाही." दुसऱ्यावर रागावले नाहीत, उलट वहीत शिबिराला येणाऱ्यांची नावं दाखवली. गळ्यात मणी नव्हते, ते कपाटात आहेत म्हणे.

अजून दोन शंका. आमच्या घरात देवधर्म फारसा नाही, तर स्काऊट होताना जे वचन देतात त्यात देवाचं नाव घ्यावं लागतं का? आणि अकरा म्हणजे उशीर तर नाही ना? बिल्ले-प्रमाणपत्रांच्या मागे लागायची माझी इच्छा नाही, पण नवऱ्याने विचारलंय.

पळसपान | १२ नोव्हेंबर

वचनात ईश्वराऐवजी धर्म म्हणायची मुभा आहे, धर्म म्हणजे कर्तव्य या अर्थानेही घेता येतो. अकरा म्हणजे अगदी वेळेवर. स्काऊट-गाइड दहाव्या वर्षापासूनच. त्याआधीचे कब (मुलगे) आणि बुलबुल (मुली). प्रवेश, मग प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार, मग राष्ट्रपती. पायरी गाळून वर जाता येत नाही, म्हणून नववीत जागे होणाऱ्यांची धावपळ होते.

एनसीसीबद्दल तुमच्या यजमानांना सांगा की ते चांगलंच आहे, पण तिथे हुकूम वरून येतो आणि पाळायचा असतो. इथे आठ पोरांनी भांडून ठरवायचं असतं. दोन्ही करणारेही आहेत.

रानवाट | १३ नोव्हेंबर

मी रोव्हर (म्हणजे तरुण वयातला स्काऊट), वय २२, पुण्यात एका पथकाला मदत करतो. वर ज्येष्ठांनी तत्त्वाचं सांगितलं, मी पिशवीचं सांगतो.

थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते. तेव्हा दोन पांघरुणं दिलीत तर एक खाली घालायला सांगा, त्याच्याखाली प्लास्टिकचा कागद. कानटोपी. मोजे लागतात त्याच्या दुप्पट. टॉर्च त्याचा स्वतःचा, आणि तो पिशवीत कुठल्या कप्प्यात आहे हे त्याला अंधारात हाताने सापडलं पाहिजे, घरी दिवे घालवून सराव करून घ्या. दुसऱ्या दिवशीचे कपडे झोपताना पांघरुणात घ्यायचे, सकाळी ऊबदार आणि कोरडे मिळतात. पिशवी त्याला स्वतःला भरू द्या. तुम्ही भरलीत तर शिबिरात काहीही सापडलं नाही की पोरगं "आईने कुठे ठेवलं काय माहीत" म्हणतं, हे मी शेकडो वेळा ऐकलंय.

स्कार्फ धुतलेला आणि आकाराने पुरेसा मोठा हवा. ती शोभा नाही, हात मोडला तर त्रिकोणी झोळी तीच असते.

पहिली रात्र नवलाईत जाते. घर आठवतं दुसऱ्या रात्री. तेव्हा फोन करू नका, हात जोडतो. आईचा आवाज ऐकला की अकरा वर्षांचा गडी विरघळतो आणि मग त्याच्यामागे आख्खा तंबू. आम्ही त्या संध्याकाळी शेकोटीचा कार्यक्रम मुद्दाम लांबवतो आणि रडवेल्या पोराला लाकडं सारायच्या कामाला लावतो.

अबोल मुलांबद्दल माझं निरीक्षण: बडबडे पहिल्या दिवशी पुढारी होतात, पण दुसऱ्या दिवशी दोरी कुठे आहे हे अबोल पोरालाच माहीत असतं.

भुसावळी | १३ नोव्हेंबर

अवांतर: रीफ नॉट नीट शिकवा रे पोरांना. ती पट्टी बांधायला, कारण चपटी बसते आणि टोचत नाही. दोन दोर जोडून ओझं ओढायला नाही. जाडीत फरक असेल तर शीट बेंड ही गाठ. आमच्या इथे एकाने रीफ नॉटवर झोका बांधला होता, त्याचं बूड अजून साक्ष देतं.

चहाटळ | १३ नोव्हेंबर

त्याचं बूड म्हणजे तुमचंच ना?

भुसावळी | १३ नोव्हेंबर

उत्तर देणे बंधनकारक नाही.

आंबटगोड | १८ जानेवारी

धागा वर काढते आहे. गेला आणि आला.

पिशवी त्याने भरली. मी दाराआडून बघत होते, साबण राहिला होता, जीभ चावली आणि गप्प बसले. तीन दिवस साबणाशिवाय काढले हे आल्यावर वासावरून कळलं. दुसऱ्या रात्री फोन हातात घेऊन बसले होते, नवऱ्याने काढून घेतला. तो पहिल्या दिवसापासून विरोधात होता, आता पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर सगळ्यांत जास्त फोटो त्याचेच.

मुलगा स्वतः फारसं काही सांगत नाही. "मस्त होतं" एवढंच. गोष्ट कळली ती त्याच्या संघातल्या मुलाकडून. रानवाट, तुमचा कपडे पांघरुणात घ्यायचा सल्ला मी त्याला वाचून दाखवला होता. त्याच्याकडे चुलीचं सरपण होतं. पहिल्या सकाळी दवाने काटक्या ओल्या झाल्या आणि चूल पेटेना, चहाला नऊ वाजले, सगळे त्याच्यावर खेकसले. त्या रात्री याने ओंजळभर बारीक काटक्या वर्तमानपत्रात गुंडाळून पांघरुणात घेतल्या आणि त्यांना घेऊनच झोपला. दुसऱ्या दिवशी सगळ्या पथकात पहिली चूल यांची पेटली. शेवटच्या दिवशी बाकीचे संघ त्याच्याकडे काटक्या मागायला आले, तर त्याने दिल्या नाहीत, कसं करायचं ते सांगितलं. म्हणजे बोलला. अनोळखी मुलांशी.

पाठीवर काटक्यांचे ओरखडे आहेत. स्वेटरला दोन भोकं. एक मोजा कायमचा हरवला.

बाथरूमचा दिवा मात्र अजून लागतोच.

रानवाट | १८ जानेवारी

काटक्या पांघरुणात! हे मलाही सुचलं नव्हतं. पुढच्या शिबिरात ढापणार.

चहाटळ | १९ जानेवारी

बरं, आता चेष्टा बाजूला. आमची लेक आठ वर्षांची आहे. आम्ही ठाण्यात. शाळेच्या बाहेरचं काही आहे का, कुठे चौकशी करायची?

कोयनाकाठ | १९ जानेवारी

आठ म्हणजे बुलबुल. राज्य कार्यालय दादरला शिवाजी पार्कजवळ आहे, तिथे तुमच्या जिल्ह्याचा पत्ता मिळेल, मग जिल्ह्यातले ओपन ग्रुप विचारा. नाव घालायच्या आधी एका रविवारी नुसतं लांबून बघून या. मास्तरीणबाईंपेक्षा पोरींचा आवाज जास्त ऐकू आला तर घाला.

आणि खरी कमाईची भेळ तिलाच करू द्या. कांदेसुद्धा.